अलीशबाला बोलतं करताना

४ ऑक्टोबर १९९६, महाड
जुम्म्याची नमाज पढून आलो आणि ही वही काढली. नात अलीशबा पावणेतीन वर्षांची झाली, तोंडातून शब्द नाही. तिचा बाप उबेद कुवेतला. त्यानं कळवलंय, वर्षअखेरपर्यंत पोरीचा आवाज कॅसेटवर आला नाही तर सून तसनीम तिला घेऊन मुंब्र्याला माहेरी राहील. तिथं डॉक्टर, नर्सरी, सगळं हाय म्हणे.
म्हणजे घरातला दिवाच उचलून न्यायचा. नाय जमायचं. काम मी हातात घेतलं. तीस वर्षं आंबेनळी घाटात ट्रक चालवला, प्रत्येक क्लीनरशी महाबळेश्वर येईस्तोवर अखंड बोललो. बोलणं मला कोण शिकवणार?

५ ऑक्टोबर, सकाळ
बालवाडीच्या अंकिताबाईंना विचारून आलो. त्यांनी कागदावर लिहून दिलं: मूल खेळतं तिथं खाली बसा. ते काय करतं ते बघा. काही विचारलं तर दहा मोजेपर्यंत थांबा.
एवढंच? हे तर मी न शिकता करतो.

त्याच दिवशी, दुपार
अंमलबजावणी. अलीशबा डालड्याच्या डब्यात चिंचोके टाकत होती. खाली बसलो. विचारलं, काय करतेस गो. दहा मोजले. मोठ्यानं मोजले, म्हणजे आकडेही कानावर पडतील. मग चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावून दाखवले. खेळाला शिस्त हवी. पोर उठून परसात गेली.
पहिला दिवस. सुरुवात चांगली.

१२ ऑक्टोबर
वेखंड मधात उगाळून पोरीच्या जिभेला लावायला घेतलं. शरिफा, म्हणजे माझं कुटुंब, म्हणाली, तिच्या जिभेला काय झालं नाय. तुमच्या लावा नि बघा जरा जड होते का. वर म्हणाली, पोरीला बोलायला जागाच मिळत नाय घरात.
जागा? चार खोल्या आणि पडवी आहे. बायकांना हिशोबच नाही.

२६ ऑक्टोबर
चौदा दिवस वही लिहिली नाही. कंबर धरली होती.
सासू-सून आता म्हणतात, अलीशबा मागच्या दारी त्यांच्याशी बोलते. कोंबडीशीसुद्धा बोलते. खात्री करायची ठरवली. तिला समोर उभी केली आणि म्हटलं, बोल. वीस वेळा म्हटलं. पापणी हलवली नाही तिनं. तसनीम म्हणाली, अब्बा, जबानी घ्यायला तिला पोलिसांत नाय दिलेलं. मी लक्ष दिलं नाही.
सिद्ध झालं. बायका माझं मन राखायला खोटं बोलतात. मनानं चांगल्या आहेत.

९ नोव्हेंबर
मोहल्ल्यातला शोएब पंधरा तारखेला कुवेतला निघतो. कॅसेट त्याच्याबरोबर द्यायची. अलीशबासाठी भाषण लिहिलं: अस्सलामु अलैकुम अब्बा, आम्ही इथं सर्व खुशाल आहोत, आपली तब्येत कशी आहे. रोज चार वेळा वाचून दाखवतो. मला पाठ झालं.

१४ नोव्हेंबर
कॅसेट भरली. एक तासाची, दोन्ही बाजू. सुरुवातीला थोडी प्रस्तावना हवी म्हणून मी बोललो. पाचाडचं भात कसं पिकलं, कौलं कुठं फुटली, उबेदच्या मामाच्या मुतखड्याचं काय झालं. परदेशात माणूस अशाच बातम्यांना आसुसलेला असतो. पोर सारखी डबा घेऊन आडवी येत होती. तिची पाळी आली आणि टेप खट्‌कन संपली.
पुन्हा ऐकायला वेळ नव्हता, शोएब दारात उभा. असो. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत. बाप ऐकून समजेल, पोर चांगल्या हातात आहे.

६ डिसेंबर
उबेदचं पत्र. जसंच्या तसं उतरवतो, कारण त्यात चुका आहेत.
‘अब्बा, कॅसेट तीन वेळा ऐकली. पहिल्या बाजूला अलीशबा म्हणते, आजा, बघ ना. तुम्ही म्हणता, गप बस गो, आजा बोलतोय. ती पुन्हा म्हणते, आजा, बघ ना. तुम्ही म्हणता, गप. असं सात वेळा. आठव्यांदा ती म्हणत नाय. दुसऱ्या बाजूला तिचा आवाजच नाय. तसनीमला वेगळं लिहिलंय. तिला जाऊ द्या.’
सात? मला चारच आठवतात. शिवाय पोरांचा आवाज बारीक, तो मशीनला लागतो, माणसाच्या कानाला लागत नाही. त्यात माणसाचा काय दोष? शरिफाला हे समजावून सांगितलं. ती उठून पोरीची झबली घडी घालायला लागली.

१० डिसेंबर
दोघींना एसटीवर सोडून आलो. तसनीमनं पोरीला खिडकीशी बसवलं होतं. शरिफा म्हणते, गाडी सुटताना अलीशबा खिडकीतून काहीतरी बोलली. असेल. मी तेव्हा ड्रायव्हरला वडखळच्या पुढचा रस्ता समजावत होतो.

११ डिसेंबर
लिहिण्यासारखं काही नाही.

२२ डिसेंबर, संध्याकाळ
पीसीओवरून मुंब्र्याला फोन लावला. तसनीम म्हणाली, अब्बा, दिवसभर नुसती टकळी चालू असते, शेजारीण दार लावून घेते. मी म्हटलं, बघ, अडीच महिने मी पेरलं ते आत्ता उगवलं. मी म्हटलं, दे तिला.
मागून पोरीचं चिवचिवणं येत होतं, ते जवळ जवळ आलं. मी म्हटलं, अलीशबा, ओळखलंस का गो, आजा बोलतोय.
चिवचिव थांबली. नुसता श्वास. मग बाजूला तोंड करून आईला विचारलं. हळूच विचारलं, पण मला ऐकू आलं.
आता गप बसू?
तीन शब्दांचं पूर्ण वाक्य. उच्चार अगदी स्वच्छ.