मनाच्या वहीला दहापैकी दोन

प्रिय बाई,

तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं आणि आज शाळेच्या फाटकावर तुमचा फोटो लागला, म्हणून लिहितोय. फ्लेक्स आहे. मुख्याध्यापकांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा आहे आणि तुमच्या नावाआधी 'कै.' छापलंय. तुमच्या मुलानं वर्तकनगरहून फोन करून आमच्या बौद्ध रीतीनं 'कालकथित' लिहा असं दोनदा सांगितलं होतं. छापून झालं, मुख्याध्यापक म्हणाले. खाली ठळक अक्षरांत 'तणावमुक्त विद्यार्थी अभियान'. तुमच्या स्मरणार्थ!

तुम्ही हसला असता. मला किळस आली.

तुमचं कसलं अभियान? शुक्रवारचा शेवटचा तास संपायला दहा मिनिटं उरली की "वह्या काढा", एवढंच. आम्ही कळव्याची पोरं, मनातलं लिहायचं म्हटल्यावर खिदळलेलो. तुम्ही फळ्यावर दोन प्रश्न लिहायचात. कशाची भीती वाटते? त्यातलं माझ्या हातात किती आहे? मग खुर्ची खिडकीकडे फिरवून पाठमोऱ्या बसायचात. ती वही कुणी बघायची नाही, तुम्हीसुद्धा नाही. मी तीन शुक्रवार पान कोरं ठेवलं. चौथ्या शुक्रवारी लिहिलं, की बाबांच्या आजारपणाची भीती वाटते, आणि त्यांना वेळेवर गोळ्या देणं माझ्या हातात आहे. त्यानंतर मला झोप लागायला लागली.

आता इतकं साधं कसं चालेल? एक समुपदेशक आले, कोट घालून. तासभर पडद्यावर रंगीत फुगे दाखवले, पोरांकडून "मी आनंदी आहे" असं ओरडून घेतलं आणि सेल्फी काढून गेले. मग मुख्याध्यापकांनी खास वह्या छापून घेतल्या. प्रत्येक पानाखाली पालकांची सही, शिक्षकांचा शेरा आणि दहापैकी गुण. आत्मपरीक्षणाला गुण! वर फळ्यावर उतरवायला नमुना उत्तर दिलं. 'मला कशाचीही भीती वाटत नाही. मी नियमित अभ्यास करतो व सकारात्मक विचार करतो.' एकेचाळीस पोरांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मुलींनीसुद्धा 'करतो'च लिहिलं.

फळ्यावर ते लिहिलं कुणी, विचारू नका. मीच, त्यांचा वर्गशिक्षक.

बेचाळिसावी श्रावणी. शांत पोर, गणितात हुशार. तिनं एकटीनं स्वतःचं लिहिलं. 'सराव परीक्षेत मी गणिताचा पेपर कोरा दिला. येत होतं, पण हात चालेना. घरी खोटे मार्क सांगितले. बोर्डात पण असंच झालं तर?'

आणि मी काय केलं? स्टाफरूममध्ये वह्यांचा गठ्ठा समोर होता, एका हातात चहा होता. लाल पेन हातात आलं की आपण मास्तर लोक वाचायचं थांबतो, बाई. नमुन्यासारखं नाही, एवढंच मला दिसलं. 'उत्तर प्रश्नाला धरून नाही' असा शेरा मारला, दहापैकी दोन दिले आणि पालकांच्या सहीसाठी वही घरी पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील ठाकुर्लीच्या कामाला दांडी मारून थेट वर्गात आले. वही उघडून माझ्यापुढे धरली.

"सर, ही आमच्याशी खोटं बोलली. आणि ह्याच्यात पण दोनच मार्क?"

सगळा वर्ग ऐकत होता. श्रावणी बाकाकडे बघत होती. मी काय म्हणालो? "बघतो मी." तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस! मला स्वतःची लाज वाटते.

तेव्हापासून ती अभ्यासाला बसली की वडील शेजारी खुर्ची टाकून बसतात, असं तिची मैत्रीण सांगते. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. घरी आता साधी बेरीज करतानाही तिचं पेन थांबतं म्हणे.

पुढच्या शुक्रवारी तिनं नमुना उत्तर लिहिलं, वळणदार अक्षरात. मुख्याध्यापकांनी स्वतः दहापैकी दहा दिले. उद्या प्रदर्शनात ती वही तुमच्या फोटोखाली मांडणार आहेत.

आज मी तिला जिन्यात थांबवलं आणि सांगितलं, की मी न वाचता गुण दिले, चूक माझी होती. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "असू दे ना सर. आता मला येतं, कसं लिहायचं ते."

बाई, थोडा राग तुमच्यावरही आहे. इतकी वर्षं आमच्याकडे पाठ करून बसलात, पण का बसायचं ते आम्हा मास्तरांना कधी सांगितलं नाहीत. आपोआप कळेल असं वाटलं तुम्हाला? आम्ही तेवढे शहाणे नव्हतो. निदान मी तरी नव्हतो.

उद्या त्या टेबलावरून श्रावणीची वही मी उचलणार आहे. मुख्याध्यापक आणि तिचे वडील, दोघांना समोर बसवून सांगणार आहे की ते दोन गुण माझ्या लायकीचे होते. वडिलांना हात जोडून सांगेन की तेवढी खुर्ची तिच्या शेजारून हलवा. शाळेनं मला नोटीस दिली तर देऊ दे. मग तिला दुकानातली साधी वही आणून देईन, जिच्यावर शाळेचं नाव नाही आणि सहीला जागा नाही. त्यात ती पुन्हा खरं लिहील का? मला ते कधीच कळणार नाही, हे माझं तुम्हाला वचन.

तुमचा,
संदीप मोकल