उलट्या झटक्याला जागा

ता. ९ सप्टेंबर

तीर्थरूप काकांना,
साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. काकूला खोटं वाटत असेल तर वजन करून दाखवीन. तुमची कंबर कशी आहे? दुकानात तासन्‌तास वाकून बसू नका.

आमच्या ड्रोनचं काम पुन्हा सुरू झालंय. ते वाऱ्यामुळे पडलं, असं मी फोनवर म्हणाले होते. काका, त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

त्याच्या चारही मोटरी चालवायला मॉस्फेट नावाचे बारीक स्विच लागतात. भरलेली बॅटरी सतरा व्होल्टची, म्हणून मी वीस व्होल्टपर्यंत सोसणारे निवडले. ते कमी तापतात. कागदावर सगळं चोख होतं. तुम्ही लॅब बघायला आलात तेव्हा बोर्ड हातात घेऊन म्हणालात, "पोरी, पळती मोटर एकदम आवरली की उलटा झटका मारते. त्याला थोडी जागा ठेव." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो काका, हा तुमच्याकडे दुरुस्तीला आलेला मिक्सर नाहीये!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण चहा न घेताच निघालात, ते परत आला नाहीत.

उतरवताना मी वेग एकदम कमी केला. फट्‌कन आवाज झाला, एक मोटर थांबली आणि ड्रोन उलटं होऊन गवतात पडलं. जळका वास आला, तशी आपल्या दुकानाची आठवण झाली.

आता चाळीस व्होल्टचे घेतलेत. बॅटरीच्या तारा आखूड केल्या, झटका झेलणारा कपॅसिटर बोर्डाला अगदी खेटून लावला, तुम्ही लावता तसा. सरांनी विचारलं, "हे कोणी सुचवलं?" मी म्हणाले, "वाचलं कुठंतरी."

त्याचीच लाज वाटून हे पत्र लिहितेय.

घरातली पहिली पदवी माझी, असं सगळे कौतुकानं सांगतात. पण मला अभ्यासाला जागा हवी म्हणून दुकानातलं अर्धं टेबल तुम्ही रिकामं करून दिलंत आणि उरलेल्या अर्ध्यावर इतकी वर्षं अवघडून जळक्या मोटरींचं वाइंडिंग करत राहिलात. गिऱ्हाईकानं तिथं मिक्सर ठेवला की म्हणायचात, "उचला, तिकडची मालकीण वेगळी आहे."

शनिवारी सकाळी दहाला पुन्हा उडवणार आहोत. सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच सुधारायचंय. याल ना? तुम्ही आल्याशिवाय मी बॅटरी जोडणार नाही.

तुमचीच,
अर्ध्या टेबलाची मालकीण