फणसाचे दोन पाट

४ ऑक्टोबर, शनिवार
आजपासून कामाला प्रारंभ. सोळा नोव्हेंबरला क्षितिजाचं, आमच्या एकुलत्या एक नातीचं, केळवण. इथेच, भाईंदरच्या घरी. ती आणि तिचा निहार माझ्या हातच्या पाटांवर बसून जेवतील. फळ्या माणगावच्या फणसाच्या. मनोरमा लग्न होऊन आली त्या साली तिनेच आठळी लावली होती. घर विकलं, झाड गेलं, या दोन फळ्या तेवढ्या राहिल्या. दोन वर्षं पलंगाखाली होत्या, त्यामुळे जरा बाक आलाय. जमिनीवर ठेवल्या की डुलतात. जाडी दीड इंच. बाक काढणं दोन दिवसांचं काम. उरलेल्या वेळात पॉलिश, आणि कडेला स्वतः रचलेल्या चार ओळी कोराव्यात असा विचार.

मागच्या बाल्कनीला यापुढे कार्यशाळा म्हणायचं. मनोरमा म्हणाली, म्हणा, पण कपडे तिथेच वाळणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार. संध्या. ६
रंधा तीन तास. चौथीच्या पुस्तकातली कविता चालीत म्हणत रंधा मारला की दम लागत नाही, हा माझा शोध. गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका द्यायचे, खडूचा धूर उडायचा, आम्ही बेंबीच्या देठापासून गायचो. काय दिवस होते. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ मात्र आठवत नाही. तिथे हात थांबतो.

पण एक फळी सपाट झाली. फूटपट्टी आडवी धरून पाहिली, खालून उजेड दिसेना. जमिनीवर झोपवून ठेवली आहे. मनोरमाने विचारलं, लाकडालाही वामकुक्षी लागते का. सालपटांचा वास तिला आवडला असावा. दिवसभर शिंकत होती.

८ ऑक्टोबर, बुधवार
फळी पुन्हा वाकली. या वेळी उलटी, मध्ये वाटी. दोष खाडीच्या हवेचा. माणगावच्या लाकडाला भाईंदर मानवायला वेळ लागणारच. मला बावीस वर्षं लागली.

मनोरमाला दाखवली. तिने फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. तिचा माझ्यावर पूर्ण भरवसा आहे.

९ ऑक्टोबर
कालचा पेपर गायब. शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवलं होतं. या घरात पेपरला पाय फुटतात.
दुसरी फळी रंधली. सरळ. चार वाजेपर्यंत सरळ होती.

१२ ऑक्टोबर, रविवार
नीरज आला होता. क्षितिजाचा बाप झाला तरी माझा मुलगाच, घाई जात नाही. म्हणाला, बाबा, स्टेशनजवळ तयार पाट मिळतात, वर चकचकीत पत्रा मारलेले, मी घेऊन येतो ना. मी विचारलं, त्यात तुझ्या आईचा फणस आहे का?

मग फळी रिक्षात घालून खारी गावात धर्माजी सुताराकडे. त्याने बोटं फिरवली आणि विचारलं, हे तासलं कोनी, लाटा हायत यावर. खरंच होत्या. कवितेत जिथे ठेका, तिथे रंधा जोरात. फळीवर वृत्त उमटलंय, पण त्याला हे सांगून काय उपयोग. म्हणाला, एकाच बाजूनं तासतोस म्हनून वाकतंय, दोन्ही बाजूंनी सारखं काढ, खाली पट्ट्या दे, दोन्हीकडनं वारा लागू दे, आन् म्हैनाभर हात लावू नको.

लाकूड कळतं त्याला. उमेद कमी. महिनाभर हात न लावता मी काय करू?

१५ ऑक्टोबर
नवी युक्ती: वजन. फळ्या ओल्या करून एकीवर एक, वर पाण्याचं भरलेलं पिंप. साठ लिटर. हे आधीच सुचायला हवं होतं. मी स्वतःला कमी लेखतो.

१७ ऑक्टोबर
पिंपाखाली फळ्या अगदी सरळ दिसताहेत. क्षितिजाला फोन करून काम फत्ते झाल्याचं सांगितलं. निहारच्या आईवडिलांनाही. क्षितिजा म्हणाली, आबा, मी आजीच्या फणसावरच बसणार, दुसरं काही मांडलंत तर जेवणार नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

१९ ऑक्टोबर. सकाळी
पहाटे नळाला पाणी आलं. पिंपात पाइप सोडला आणि ती तिसरी ओळ आठवतेय असं वाटलं म्हणून जरा डोळे मिटले. पिंप तासभर वाहत होतं. खालच्या हंसाबेन वर येऊन म्हणाल्या, अंकल, हमारे बाथरूम में तो बारिश हो रही है.

फळ्या बाहेर काढल्या. सपाट. दुपारपर्यंत होड्या. मनोरमा म्हणाली, उत्तनच्या समुद्रात नेऊन सोडा, चार बोंबील तरी मिळतील.
ओळ आठवली नाही.

२५ ऑक्टोबर
दिवाळी. फराळाच्या दिवसांत हत्यार धरू नये. असा काही नियम असावा.

२ नोव्हेंबर, रविवार
फळ्या गच्चीत उन्हात. तासाभरात एकीला चीर. बारीक आहे. भुसा आणि डिंक भरून बुजवली. माहीत नसलेल्याला दिसणार नाही.

९ नोव्हेंबर
दोन्ही बाजूंनी रंधा, कविता न म्हणता. (धर्माजीशी याचा संबंध नाही.) जाडी अर्धा इंच. मनोरमाने फळी हातात तोलली, म्हणाली, पापड लाटायला बरी आहे. हलकं फर्निचर हीच हल्लीची पद्धत, हे तिला कोण सांगणार.

१४ नोव्हेंबर
जाडी करंगळीएवढी. अजून डुलतात. ओळी कोरण्याचा बेत रद्द, अक्षरं पलीकडून निघतील. परवा केळवण. खाली कागदाच्या घड्या घालाव्यात का?

१६ नोव्हेंबर, रविवार. दु. ४
रांगोळी, समई, पुरणपोळी. निहार पाटावर बसला आणि त्याच्या वजनाने पाट एकदम सपाट झाला. दीड महिन्यात इतका सपाट मी पाहिला नव्हता. नीरजला खुणेने दाखवलं. तेवढ्यात कट्. चिरेवरून दोन तुकडे. निहारच सॉरी म्हणाला.

मनोरमा आत गेली. कपाटामागून पेपरात बांधलेला गठ्ठा आणला, सोडला. दोन कोरे पाट, पत्रा मारलेले. एक निहारला दिला. क्षितिजाला म्हणाली, ऊठ गं, तूही हा घे. क्षितिजा म्हणाली, आजी, मला वाढ. सबंध जेवण तिने डावा हात जमिनीला टेकून, एका बाजूला कलून उरकलं. उठताना तिला पाय टेकवेना. मला म्हणाली, छान झालाय पाट, आबा.



१७ नोव्हेंबर
कार्यशाळेत कपडे वाळत आहेत.

काल बाजारच्या पाटांवरचा पेपर तसाच पडला होता, घडी करायला घेतला. शब्दकोडं अर्धं सोडवलेलं, माझ्या अक्षरात. तारीख आठ ऑक्टोबर.

डायरीत मागे जाऊन त्या दिवसाचं पान वाचलं. मनोरमा चहा ठेवून गेली. उरलेलं कोडं पुरं करायला बसलो. आडवा चौथा शब्द येत नाही.