कुठं येतोय वास?

४ मार्च १९७३
आज पुन्हा तेच! परवाची आमटी, उकळी आणून आणून टिकवलेली, दुपारी पानात. वर फेस! पुरुषांना ताजं, आणि उरलंसुरलं आम्हा सासू-सुनेला. मी म्हटलं, "सासूबाई, आंबलीय." त्यांनी पातेलं नाकाशी धरलं, चांगला मोठा श्वास घेतला. "कुठं येतोय वास? दुष्काळात अन्न टाकायचं नाव काढू नये." आणि खाल्ली — बोटं चाटून! मला बघवेना.

९ मार्च
कोठीची खोली आवरली. तूरडाळीला एरंडेल, गव्हात कडुनिंबाचा पाला, लिंबं मिठात, कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा वाळवून डब्यात. यात खोट काढायला जागा नाही. पण सुक्या खोबऱ्याचा डबा उघडला आणि — शी! खवट, पिवळं, तेलकट. दाण्याच्या कुटाला बुरशीचा भपकारा. मी डबा पुढे केला. त्यांनी हुंगलं. "चांगलं तर आहे." त्याचीच चटणी वाटली.

१० मार्च
चटणी खाल्ली. उलटी झाली. शेजारणी हसून बघतायत. तसलं काही नाही हो, चटणीच!

१४ मार्च
आज लाज वाटली. छबूबाई आमच्याकडे भांड्यांना येते. घरचे सगळे तिसगावकडे दुष्काळी कामावर खडी फोडतायत. सासूबाईंनी तिला रेशनच्या मिलोचं, त्या लाल अमेरिकन ज्वारीचं, पीठ दिलं, दमट होऊन गोळे झालेलं. तिनं फडकं सोडलं, नाक लावलं आणि परत बांधलं. "वैनी, दुस्काळ हाय म्हून काय इख खायाचं व्हय? आमी न्हाई न्हेत."
सासूबाई म्हणाल्या, "माज बघा!" आणि त्याच पिठाची भाकरी थापली. आमच्या दोघींसाठी!
यांना सांगून टाकलं — सावेडीला तुमच्या मित्राच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, मला वेगळी चूल हवी.
"आईला काय वाटेल?"
"त्यांना काही वाटत नाही. कुजकं नाकाशी धरून धडधडीत खोटं बोलतात!"

२० मार्च
ठरलं. पाडव्याला सावेडी. सासूबाईंनी ऐकलं आणि दोन चिनी मातीच्या बरण्या उन्हात घालून माझ्यासाठी बाजूला ठेवल्या. आत काय भरून देणार, देव जाणे.

२५ मार्च
सकाळी मी स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं आणि घाईत तसेच हात पोह्यांना लावले. फोडणी पडली आणि मलाच कळलं, पण तोवर बश्या बाहेर गेल्या होत्या. मामंजी पहिला घास घेऊन ओरडले, "सूनबाई, हे पोहे आहेत की कंदील!" हे थुंकायला मोरीकडे धावले.
मी आत आले. सासूबाई पाटावर बसून पोहे खात होत्या. बशी संपत आली होती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज हिंग छान लागलंय हो."
मी हिंग घातलंच नव्हतं.
सगळं स्वयंपाकघर रॉकेलनं घमघमत होतं. माझं डोकं दुखायला लागलं होतं. आणि त्या शेवटचे पोहे बोटानं गोळा करत होत्या.
तेवढ्यात मामंजी दारात आले. "अगं, तू खाल्लेस? तुला वास नाही आला?"
सासूबाईंचा हात बशीत थांबला. "आला की. थोडासा."
आमटी, खोबरं, पीठ — तेव्हा त्या खोटं बोलतच नव्हत्या. आज बोलल्या.

२६ मार्च
दिवसभर त्यांच्याकडे बघता आलं नाही. घरात कोणालाच ठाऊक नाही. मला मात्र मळमळतंय — आणि आज तर सगळं ताजं होतं.

२८ मार्च
दुपारी सगळे झोपल्यावर सासूबाई आल्या. हातात लोण्याची वाटी. माझ्या नाकाखाली धरली.
"यांना सांगू नकोस. म्हातारीच्या हातचं नको म्हणतील." मग हळूच — "सावेडीला जायच्या आधी एवढी कोठी हुंगून दे मला. टाकायचं ते दाखव, मी टाकते."
लोणी चांगलं होतं. तसं सांगितलं. त्यांनी मला परत वास घ्यायला लावला.