पडद्यावरची बहीणभावंडे

निपाणी, श्रावण शुद्ध दशमी

तीर्थस्वरूप परशरामदाजी यांचे चरणी मेहुणा रवळू याचा साष्टांग नमस्कार. आपली पाठ आता कशी आहे? गुणाआक्काचा खोकला थांबला का? गुंजीला पाऊस फार, बैलांनाही जपावे. मी खुशाल आहे.

इथे तंबाखूच्या वखारीत मुका सिनेमा चालतो आणि पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे काम माझे, हे आपण जाणताच. वखार कुंथुनाथअण्णांची, घराणे कडक जैन. अण्णा (दिवस मावळायच्या आत जेवून येतात, म्हणून सगळ्यांच्या आधी) पुढच्या खुर्चीत बसतात, हातात काठी. परवा चित्र लागले ते नेमके जमीनदाराची मुलगी आणि माळ्याचा मुलगा यांच्या प्रेमाचे! मागे बायकांत अण्णांची लेक ब्राह्मी बसलेली. हे असले ऐकून काठी आधी कोणाच्या टाळक्यात बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पडद्यावरची अक्षरे मराठी आणि अण्णांना वाचता येते फक्त कानडी. मी देवाचे नाव घेतले आणि सांगून टाकले की ही दोघे जत्रेत ताटातूट झालेली बहीणभावंडे. त्याने तिचा हात धरला, मी म्हणालो, ताप आहे का बघतोय. ती रडली, मी म्हणालो, आई आठवली. पण शेवटी मेल्यांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले! वडील काशीहून यायचेत, त्यांच्यासाठी आणलेले हार घालून बघताहेत, असे ओरडलो.

अण्णा ढसाढसा रडले. (बाकीचे तंबाखूने शिंकत होते, ते वेगळे.) मला जवळ घेऊन म्हणाले, "लई गुणाचा हाईस रं रवळू. आमच्या ब्राह्मीला भाऊ न्हाय. पौर्णिमेला घरी ये, राखी बांधंल ती तुला." सगळे म्हणतात माझे नशीब उघडले. मला तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. असो, काळजी नसावी.

ता. क. : ब्राह्मी शाळेत मराठी शिकली आहे. पडद्यावरचे तिने सगळे वाचले. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या मालुबाईकडून तिचा निरोप आला, "दोन वर्सं लगीन करतो म्हणालास, आन् आता भाऊ व्हतोस व्हय रं? राखी बांधायला माझा हात उठायचा न्हाय. पौर्णिमेआधी काय ते कर."

आणखी ता. क. : काठीची भीती मोठी होती, पण राखीची त्याहून मोठी निघाली. त्रयोदशीला बैलगाडी घेऊन गुंजी स्टेशनावर यावे. माझ्याबरोबर कोण आहे, हे स्टेशनात विचारू नये. आणि आक्काला सांगावे, त्या दिवशी स्वयंपाकात कांदा-लसूण नको, आणि दिवस मावळायच्या आत पाने वाढावीत.