दाराआडचे पाढे

नंदनवन, नागपूर
दि. ४ मार्च १९७९

प्रिय मायेस,

प्रेमलताचा सप्रेम जयभीम. दादाला आणि वहिनीलाही सांग. पत्र वाचणाऱ्या भागीरथेला एक गालगुच्चा. भागीरथे, आजीला वाचून दाखवताना मधले शब्द गिळायचे नाहीत. तू गिळतेस, मला माहीत आहे. आत्या मुख्याध्यापिका असली की हे ऐकून घ्यावं लागतं.

माय, तुझं कार्ड पोचलं. चार ओळींच्या कार्डात तू दोनदा नातीचं विचारलंस, सुजा कशी हाय म्हणून. मी कशी आहे हे एकदाही नाही. बरं, राग समजला. सुजाचं सांगते, पण आधी शाळेचं ऐक, कारण तिचं त्यातूनच येतं.

यंदा वस्तीत गोवराने नुसता धुमाकूळ घातला आहे. आधी दुसरीतली दोघं तापाने पडली, मग एकेका घरात तीन-तीन पोरं. कॉर्पोरेशनने शाळा बंद ठेवायला सांगितलं आणि मी कुलूप लावलं. लोकांना वाटतं, शाळा बंद म्हणजे मास्तर-बाईंची चंगळ. पण आमच्या अर्ध्या पोरांचं दुपारचं जेवण शाळेतच होतं. घरी आईबाप कामाला गेलेले, चूल थंड. आणि इकडे कोठीत सरकारी दलियाची पोती आणि दुधाच्या पावडरीचे डबे तसेच पडून. उंदरांना जेवू घालायचं की पोरांना? साहेबांना विचारलं, तर म्हणाले, लेखी विचारा. मी लेखी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रुखमाबाईला चूल पेटवायला सांगितली.

रुखमाबाई म्हणजे आमच्या शाळेची स्वयंपाकीण. आपल्यातलीच, पाचपावलीची. तुझ्यासारखीच, एक विचारलं की तीन ऐकवते. तिने मस्त कांदा-मोहरीची फोडणी देऊन दलिया केला, नत्थू शिपायाने सायकलला दोन्हीकडे डबे अडकवले, आणि मी पुढे. पोरं आजारी असतील तिथे आत जायचं नाही, उंबऱ्याबाहेर भांडं ठेवायचं आणि झाकण वाजवायचं, असं ठरलं होतं.

वरच्या गल्लीतून भांडी भरलेलीच परत आली, माय. एक नाही, ओळीने पाच-सहा घरांची. बाया दारातूनच मान हलवायच्या.

माझं डोकं कसं फिरतं ते तुला सांगायला नको. मला वाटलं, घ्या, दीक्षा घेऊन तेवीस वर्षं होत आली तरी रुखमाबाईच्या हातचं यांना चालत नाही. शाळेत पोरं गपागप खातात ते दिसत नाही, आणि घरी आलं की बाटतं. सिंधूताई म्हणून एक बाई आहे, तिची पोरगी तिसरीत. तिच्या दारापुढे उभी राहून मी भाषणच ठोकलं. सगळी गल्ली गोळा झाली. नत्थू मागून माझा पदर ओढायच्या बेतात होता. भाषण तिच्या सासूपर्यंत पोचलं तेव्हा सिंधूताई म्हणाली, "बाई, घरात माता बसली हाय. फोडणीचा वास चालत नाही. रुखमाबाईच्या हातचं तं मी बाळंतपणात खाल्लं."

तेव्हा मी वर पाहिलं. दारावर कडुलिंबाची डहाळी टांगलेली. ओळीने सगळ्याच दारांवर. इतका वेळ माझ्या डोक्यावर हलत होती आणि मला दिसली नव्हती.

तू आता हसत असशील. हस. खालच्या गल्लीत आपल्या लोकांच्या घरीही तेच झालं. भिंतीवर तथागतांची तसबीर, दारावर लिंब आणि फोडणीला नाही. तिथे मी भाषण दिलं नाही. रुखमाबाई मात्र घरी जाईपर्यंत पुटपुटत होती, "मले एकदा विचारलं असतं तं. मले कोणी विचारते का."

दुसऱ्या दिवसापासून बिनफोडणीचा. लिंब असलेल्या घराला दूध-गुळाचा मऊ दलिया, बाकीच्यांना तिखटाचा. दोनच दिवसांत काय व्हावं? अर्ध्या वस्तीच्या दारांवर लिंब! धडधाकट पोरं आत उड्या मारताहेत आणि आया तोंड पाडून सांगतात, माता आली जी बाई. शाळेमागचं लिंबाचं झाड नत्थूने मला दाखवलं, हात पोचतो तिथवर एक पान राहिलं नव्हतं. मी म्हटलं, झाडाने काय घोडं मारलंय, द्या सगळ्यांनाच गोड. तेव्हापासून डहाळ्या खऱ्या तेवढ्याच राहिल्या आणि आम्हालाही कळायला लागलं कुठल्या उंबऱ्यापासून दूर राहायचं. माय, तो लिंब रोग बरा करत नाही, हे माझं मत आजही तेच आहे. पण आत आजारी लेकरू आहे, जपून या, हे तो सांगतो. तेवढं मी मानते.

आता अभ्यासाचं. घरात कोंडलेली पोरं वात आणतात, म्हणून आया म्हणाल्या, बाई, काही तरी द्या यांना. मग मी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि ओरडते, "सात एके?" कुडाआडून, पडद्याआडून, खाटेवरून, सगळीकडून आवाज येतो, "सात!" "सात दुणे?" "चौदा!" आजारातून उठलेली पोरंसुद्धा बारीक आवाजात म्हणतात. कामावर निघालेले रिक्षावाले थांबून म्हणतात. नत्थू सात साते अठ्ठेचाळीस म्हणतो, त्याला मी सोडून दिलंय. सवयीने मला घराघराचा आवाज कळायला लागला. एखादं घर गप्प राहिलं की समजायचं, इथलं लेकरू आज पडलं. मग तिकडे नर्सबाईंना पाठवायचं.

शेवटी आपली गल्ली यायची. आपल्या घरातून सुजाचा आवाज सगळ्यांच्या वर. पहिलीतली पोर, पण पाढा बाराचा. माझा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर. मीच तिला दटावायची, दुसऱ्यांनाही म्हणू दे.

भागीरथे, इथून पुढचं आजीजवळ बसून वाच. तिचा हात धर.

एका सकाळी मी आपल्या गल्लीत उभी राहिले आणि विचारलं, "सात एके?" शेजारच्यांनी उत्तर दिलं. आपलं घर गप्प होतं. मी पुन्हा विचारलं. रेल्वेच्या ड्युटीवरून नुकतेच आलेले सुजाचे बाबा दारात आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. माय, एवढ्या घरांचं गप्प राहणं मी ओळखलं, पण आपल्या घराचं ओळखायला मला दोनदा विचारावं लागलं.

ताप फार होता. अंगभर पुरळ. कुठून आला ते विचारू नकोस, मी सगळ्या वस्तीत फिरत होते. आता ताप उतरला आहे, पुरळही वाळले, पेज पिते, भांडते. त्या बाजूने काळजी नाही. काळजी डोळ्यांची आहे. गोवरात तिचे डोळे फार आले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं, माशाचं तेल दिलं. गोवरानंतर डोळ्यात फूल पडतं कधी कधी, पांढरा डाग, म्हणून त्यांनी बोटांनी पापणी उघडून पाहायला घेतली. तिला इतकं दुखलं की तिने किंकाळी फोडली. तेव्हापासून पोरीने डोळे गच्च मिटलेत. आता सूज नाही, चिकटलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, जबरदस्ती नको, ती आपण होऊन उघडेल तेव्हाच कळेल. काय कळेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी गोष्टी सांगितल्या. बाहुली आणली. रागावलेसुद्धा, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. ती खाटेवर डोळे मिटून बसते, मांडी घालून, आणि एकच म्हणते, "आजी कुठं हाय?"

गेल्या वर्षी तिला कांजिण्या आल्या तेव्हा तू दाराला लिंब बांधला होतास. माझ्या शाळेतल्या बाया घरी आलेल्या, त्यांच्यासमोर मी तो ओढून चुलीत घातला आणि म्हणाले की आपण दीक्षा घेतली ती कशाला. तू म्हणालीस, "माया घरातले देव मी सोताच्या हातानं नदीत सोडले, तू मले नको शिकवू." आणि पिशवी घेऊन रामटेकच्या गाडीत बसलीस. तुझंही थोडं चुकलं. एवढ्या तेवढ्यावरून कोणी लेकीचं घर सोडत नाही. पण मी गाडीपर्यंत आले नाही, ते मला टोचतं.

तर सांगायचं ते हे. आपल्या दारावर आता लिंब आहे. मीच बांधला. आजूबाजूच्या बाया पोरं कडेवर घेऊन आत येत होत्या, त्यांना कळावं म्हणून. हे कारण खरं आहे, पण अर्धं. घरात लेकरू पडलंय, तू नाहीस, निदान दारावर तुझं काहीतरी असावं असं वाटलं.

तू ये माय. राग तिकडेच ठेवून ये, नाहीतर घेऊन ये, पण ये.

आपल्याच दारापुढे दोनदा विचारणारी,
प्रेमलता

----

रामटेक
६ मार्च

प्रेमलतेस,

तुया कागद भागीरथेनं वाचला. दोनदा वाचाले लावला. मधात तिनं एक सबद गियला तं मी पकडला.

मी काल नाही निंगाली कारण तुया दादा म्हणे, माय, तुले खोकला हाय. खोकला माया, त्याले काय करा लागते. उद्याच्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. फणफणत नाही येत, पण राग घेऊनच येतो. तो अजून पुरा व्हायचा हाय, तिथं बसून करीन.

तू लोकायच्या दारात भाषण काहून देत? आपल्याले कोणी टाकून बोललं का तुया जीव किती जयते ते मले मालूम हाय. म्हून तुले दुसरं काही दिसत नाही. तुया बापाचंही असंच होतं. त्यो माणूस चांगला होता, तूही चांगली हायेस. पण आधी वर पाह्यत जा वं.

लिंब काढजो नोको. मी आल्यावर काढीन. त्याच पाण्यानं पोरीचं आंग धुईन. तुले मानाचं नसंन तं नोको मानू, पाणी गरम करून दे फक्त.

पोरीले सांगजो, आजीसाठी डोये मिटून बसू नोको. आजी काही पाह्याले लायक रायली नाही.

तुयी माय बायजा

(आत्या, मी भागीरथा. आजीने सांगितलं तसंच लिहिलं, एकही शब्द सुधारला नाही. आजीचा समोरचा वरचा दात संक्रांतीला ऊस खाताना पडला. तुम्हाला कोणालाच सांगायचं नाही असं तिने मला बजावलं आहे. तोंडावर पदर धरून बोलते. तुम्ही हसू नका.)

----

नंदनवन, नागपूर
दि. ८ मार्च

चि. भागीरथेस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र दादा-वहिनींना मोठ्याने वाचून दाखव, शब्द न गिळता.

आजी काल पोचली, तुमचं पत्र तिच्या तासभर आधी. दारातला लिंब तिने पाहिला, हाताने नीट केला, म्हणाली, "उलटा बांधला." मग सरळ सुजाच्या खाटेपाशी गेली. सुजाने तिचा हात चाचपला, बांगड्या मोजल्या, हसली, पण डोळे मिटलेलेच. आजीने काही समजावलं नाही, लाडीगोडी लावली नाही. खाली बसली, तंबाखूची चंची काढली आणि पाढा सुरू केला. आजीला पाढे येत नाहीत हे तुला माहीत आहेच. पहिल्या दोनवर ठीक होती. तिसऱ्यावर म्हणाली, "सात त्रिक बावीस."

सुजाने नाक मुरडलं.

"सात चोक तीस," आजी म्हणाली, आणि पदर बाजूला घेऊन मोठ्यांदा पुढे निघाली. मी दारात उभी होते. माझ्या हातात लिंबासाठी तापवलेल्या पाण्याचं पातेलं, आणि मला ते खाली ठेवायचं सुचत नव्हतं. सात पंचे आजीने काहीतरी भलतंच सांगितलं आणि पोरीला सहन झालं नाही. तिने डोळे उघडले, रागावून सांगायलाच. आधी एक, मग दुसरा. उजेडाने पाणी आलं, तिने मुठीने पुसलं, आजीकडे बघितलं, आणि पाढा विसरली.

म्हणाली, "आजी, तुया दात कुठं गेला?"

भागीरथे, मी हसणार नव्हते. तू सांगितलं होतंस. मी पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले, आणि किती वेळ हसत होते की रडत होते ते सुजाच्या बाबांना विचार. आजीने पदर तोंडाला लावला आणि मग सोडून दिला. आज सकाळी डॉक्टरांनी पाहिलं. डाव्या डोळ्यात कडेला बारीकसा ठिपका आहे, बुबुळावर नाही. नजर शाबूत आहे.

शाळा अजून बंद आहे. आज सकाळी मी गल्लीत उभी राहिले आणि विचारलं, सात एके? आपल्या घरातून दोन उत्तरं आली. एक बरोबर होतं आणि दुसरं आजीचं.

तुझी आत्या,
बायजाबाईची लेक