राममंदिरातली बाहेरची शाळा

आई,

काल आपल्या गावच्या कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक घरी येऊन गेला. विद्यापीठ आता पांढुर्ण्यात मोठ्या माणसांसाठी व्याख्यानं सुरू करतंय. वयाची अट नाही, परीक्षा नाही, ज्याला ऐकावंसं वाटेल त्यानं येऊन बसावं. पहिलं व्याख्यान मी द्यावं, असं त्याचं म्हणणं. "मॅडम, आपल्या गावात असं पहिल्यांदाच होऊन राहिलं," तो फार उत्साहानं म्हणाला. मी त्याच्या हातात चहा दिला. एवढ्याशा चहात तुझी सगळी गोष्ट कशी मावणार होती? उद्या कळवते म्हणाले. हो म्हणावं की नाही, हे ज्याला विचारावं असं माझ्या ओळखीचं माणूस एकच, म्हणून तुला लिहायला बसले आहे.

तुझी शाळा लोधीखेड्याला चौथीपर्यंत झाली, आणि पुढची पाटी कोरी ठेवूनच तू संत्र्याच्या आडत्याची, म्हणजे बाबूजींची, बायको होऊन पांढुर्ण्याला आलीस. पुढे मी शाळेत जाऊ लागले तेव्हा स्वातंत्र्याची नवलाई अजून ताजी होती. नागपूरहून विद्यापीठाचे प्राध्यापक हिवाळ्यातल्या रविवारी पॅसेंजरनं यायचे, दुपारभर बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. बहिःशाल व्याख्यानमाला असं त्याचं भारदस्त नाव. तू त्याचं सरळ 'बाहेरची शाळा' करून टाकलंस. गावात एवढी माणसं बसतील अशी छपराखालची जागा एकच, राममंदिराचा सभामंडप. आणि सगळी गंमत तिथूनच सुरू झाली. त्या मंडपात उभं राहून कोणी बोलतो तो कीर्तनकार, एवढंच आपल्या माणसांना ठाऊक. त्यामुळे पहिल्याच रविवारी भूगोलाचे प्राध्यापक कोटाच्या खिशातून कागद काढतात न काढतात तोच पुजारीबुवांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. ते गोंधळले, पण बोलू लागले. दहा वाक्यं झाल्यावर त्यांनी विचारलं, "समजतंय ना?" तर सगळा मंडप एका सुरात म्हणाला, "होय महाराज." मग ते पाणी प्यायला थांबले. मंडळींना वाटलं, पूर्वरंग संपला. मागून टाळ वाजले आणि भजन सुरू झालं. प्राध्यापक हातात पेला धरून भजन संपेपर्यंत तसेच उभे.

मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटात, नाताळच्या सुट्टीला घरी आलेली. आमच्याकडे सिस्टर बोलत असताना बाकाचा आवाज झाला तरी डोळे वटारले जायचे. प्रश्न विचारायचा तर हात वर, आणि तोही कोपरापासून सरळ. आणि इथे माझी आई बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलेली आणि विद्यापीठातून आलेल्या माणसाला मधेच "अगा बाई, खरं?" असं विचारून राहिली आहे. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं होतं. आज तेच आठवून एकटीच हसते आहे. ते प्राध्यापकही चतुर निघाले. पुढल्या रविवारपासून त्यांनी आपलं व्याख्यान दोन भागांत बांधून आणलं. आधी विचार, मग टाळ, मग गोष्ट. स्टेशनवर बाबूजींना म्हणाले होते म्हणे, "नागपुरात मुलं मला झोपून ऐकतात. इथं निदान साथीला टाळ तरी आहेत."

तो ऐकलेला विषय तू आठवडाभर पुरवून खायचीस. भाकरी थापताना, संत्र्याच्या टोपल्यांत तणस भरणाऱ्या बायकांशी बोलताना, विहिरीवर. "काहून वं, पोरी, तुह्या सिस्टरनं सांगतलं काय तुले, का वारा कुठून येते?" मी इंग्रजीत पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवायची, आणि तू म्हणायचीस, "हे त पाठ झालं. आता सांग." सांग आणि पाठ यांतला फरक मला कित्येक वर्षं कळला नाही.

मग ते वर्ष आलं, राज्यं बदलण्याचं. बाबूजी रोज संध्याकाळी आडतीवरून बातमी घेऊन यायचे. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशात राहणार. सौंसरला कोणी मोर्चा काढला, कोणी तार केली, रोज निराळं. तुला त्यातलं एकच कळून घ्यायचं होतं. मला तो स्वयंपाकघरातला सकाळचा प्रहर अजून दिसतो. तू चुलीपाशी बसून तुरीच्या घुगऱ्या परतते आहेस, बाबूजी पाटावर, मी सुट्टीला आलेली, दाराशी वेणी सोडून बसलेली.

"अजी, मंग ते नागपूरचे मास्तर येतीन का नाही?"

"त्याइचं विद्यापीठ त्याइच्या राज्यात. इथं कायले धाडतीन? या हिवाळ्यातलं हे शेवटचंच समज."

तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस. बाबूजींना ते पाहवलं नाही. "व्याख्यान बंद झालं म्हणून का चूल बंद होते?" ते थट्टेनं म्हणाले.

"चूल कुठं बंद होते जी," तू म्हणालीस, "तेच त दुखनं हाये."

बाबूजींच्या हातातला घास तसाच राहिला. तुला वाईट वाटलेलं त्यांनी पाहिलं होतं, पण तू ते असं मांडलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मीही.

आणि तो शेवटचा रविवार. मंडप भरलेला. लोधीखेड्याहून, सावरगावहून, नदीपलीकडच्या वस्तीतून माणसं आलेली. पुजारीबुवा बुक्क्याची वाटी घेऊन तयार, पण महाराजांचा पत्ता नाही. स्टेशनवरून निरोप आला की पॅसेंजर नरखेडला अडकली आहे, केव्हा सुटेल काही नेम नाही. थोडा वेळ भजन झालं. मग पुरुषांची बाजू चुळबुळू लागली. कोणाला गाईंची धार काढायची होती, कोणाला बंडी जुंपायची होती. एकेक जण पायतणं शोधू लागला. मी तुझ्या शेजारी होते. तुझा हात माझ्या हातावर होता आणि तो गरम झाला होता. ही माणसं आज उठली की पुन्हा बसणार नाहीत, हे तुला माझ्या आधी कळलं.

तू उभी राहिलीस. डोक्यावरचा पदर सावरलास आणि म्हणालीस, "बसा न जी थोडं. मागच्या साली त्याइनं काळ्या मातीचं सांगतलं होतं, ते मी सांगते. जे तवा नव्हते त्याइनं ऐका, जे होते त्याइनं माही चूक काढा."

पायतणं शोधणारे हात थांबले. आडत्याची बायको, भर सभामंडपात, पुरुषांसमोर. सगळ्यांनी बाबूजींकडे पाहिलं. बाबूजींनी पुजारीबुवांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बुवा, बुक्का राहिला न. जो बोलते त्याले लावता तुम्ही."

बुवांची पंचाईत झाली. वाटी हातात, आणि पुढे पाऊल पडेना. "पन आडत्याभाऊ, परस्त्रीच्या कपाळाले म्या कसा हात लावावा?"

"तुमी नोका लावू. हात काय तुमालेच हायेत?" असं म्हणत पुजारीणबाई बायकांतून उठल्या, नवऱ्याच्या हातातली वाटी घेतली आणि तुझ्या कुंकवाखाली बुक्क्याचं बोट ओढलं. झेंडूची माळही घातली. मग स्वतः तुझ्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोल आता. मले घरी कामं हायेत."

तू खाली पाहूनच सुरुवात केलीस. "आपण आंबील ठेवतो न चुलीवर. ध्यान नसलं का उतू जाते. ओघळते, थिजते, वरतून तिची साय धरते. दुसऱ्या डाव उतू गेली का त्याच्यावरूनच ओघळते. तशी ही धरती उतू गेली होती. एक डाव नाही, लय डाव. तिच्या पोटातला रस भेगाइतून वर आला अन् पसरत गेला. तुमी सातपुड्याकडं पाहा, डोंगराले पायऱ्या दिसतीन. एकेक पायरी म्हणजे एकेक डाव उतू गेलेली आंबील."

"अन् देव कुठं होते तवा?" पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पाटलांनी विचारलं.

"होते न. पन मानसं नव्हते, म्हणून त्याइले काम नव्हतं."

हसण्याची लाट उठली, आणि त्या लाटेवर तुझी मान वर आली. त्यानंतर तू खाली पाहिलंच नाहीस. तो दगड उन्हानं कसा तडकतो, पाण्यानं कसा झिजतो, त्याची माती कशी होते, शेतात सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या म्हणजे त्या रसातले बुडबुडे रिकामे राहिले आणि मागाहून भरले, हे तू हातांनी दाखवत गेलीस. "तुमची कपाशी उभी हाये थे थिजलेल्या आगीवर," असं तू म्हणालीस तेव्हा कपाशीवाले एकमेकांकडे असे पाहू लागले, जणू पायाला ऊब लागली. मग तू पाणी प्यायला थांबलीस. अर्थातच टाळ वाजले.

टाळांच्या आवाजात कोणाला कळलंही नाही की भूगोलाचे प्राध्यापक आलेत. त्यांनी पायातले बूट काढले, पिशवी मांडीवर घेतली आणि मागे चपलांच्या राशीशेजारी बसून टाळी धरली. भजन थांबलं, तू बोलायला तोंड उघडलंस, आणि तुला ते दिसले. तुझा चेहरा असा झाला की मला रडू येईल वाटलं. पुरुष मंडळी उठून वाट करू लागली. त्यांनी बसूनच हात हलवला. "अहो, थांबू नका बाई. उत्तररंग राहिलाय."

आणि तू उत्तररंग केलास. गोष्ट होती एका कणाची. डोंगरावरून सुटलेला, जाम नदीतून वाहत आलेला, कोणाच्या तरी वावरात अडकलेला, कोणाच्या तरी भिंतीत लिंपलेला. यातली किती प्राध्यापकांची आणि किती तुझी, हे आता कोणी सांगू शकणार नाही. संपल्यावर त्यांनी मागून हात वर केला, अगदी आमच्या सिस्टरना आवडला असता तसा सरळ. "बाई, एक शंका आहे. रस वर आला त्या भेगा नेमक्या कुठं होत्या?"

तू म्हणालीस, "ते तुमी मागच्या साली सांगतलं नाही. आज तेच विचाराले आली होती मी."

ते मोकळे हसले. "मलाही सांगता येणार नाही. अजून शोधताहेत लोक."

"मंग शोधा न लवकर," पाटील म्हणाले, "तिथं वावर घेऊन टाकतो." आणि मग गंभीर होऊन, जणू प्राध्यापकांना धीर देत, "राज्याचं होईन ते होवो, गुरुजी. कपाशी काही हिंदीत बोंडं देनार नाही."

घरी येताना मला वाटलं तू हवेत चालत असशील. तू तर चिडली होतीस. "मधातच आला न तो मानूस. गारगोटीचं अजून सांगाचं होतं, इसरून गेली मी." बाबूजी तुझी माळ हातात धरून मागून चालत होते, वाटेत भेटेल त्याला दिसेल अशी.

राज्य बदललं. नागपूरचे प्राध्यापक आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या रविवारी पुजारीणबाई दुपारी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाल ना वं, बुक्का भिजवून ठेवला मी." बुक्का काही भिजवत नाहीत, पण तू गेलीस. मग पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्याही. बायका जास्त, पुरुष कमी, पण टाळ असायचेच. गोची एकच होती, तुला नवा माल कुठून मिळणार? तो मी आणायचा असं ठरलं, म्हणजे तू ठरवलंस. सुट्टीला घरी आले की ट्रंक खाली टेकायच्या आत विचारणा. "काय आणलं या खेपेले?" इतर मुली नागपूरहून रिबिनी आणायच्या. मी हृदयाचे कप्पे आणले, भरती-ओहोटी आणली, रेशमाचा किडा आणला. तू तासन् तास मला उलटसुलट विचारायचीस आणि पुढच्या रविवारी मी खांबाआडून ऐकायची की माझ्या हृदयाच्या चार कप्प्यांचं तू चार खोल्यांचं एकत्र कुटुंब केलं आहेस, आणि त्यातलं रक्त एका दारानं येतं, दुसऱ्या दारानं जातं, सुनांसारखं. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी फार अभ्यासू आहे. त्यांना कुठं ठाऊक होतं की घरी माझी परीक्षा घेणारी बाई किती कडक आहे.

तू गेलीस त्यालाही फार वर्षं झाली. मी आयुष्यभर शिकवलं, छिंदवाड्याला, मग इथं. मुली पास झाल्या, काही डॉक्टर झाल्या, एकदोघी रस्त्यात पाया पडतात. पण आई, त्या सगळ्यांनी मला ऐकून घेतलं ते परीक्षा होती म्हणून. ज्याला उठून जायची मोकळीक आहे, ज्याच्या गाई घरी वाट पाहताहेत, त्याला बसवून ठेवायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. मला शिकवता येतं. तुला सांगता यायचं. त्या मुलाला होकार द्यायचा म्हणजे साठीनंतर पुन्हा पहिलीत बसायचं, आणि म्हणून मी भीत होते. काल दिवसभर कुठला विषय घ्यावा यावरच अडले होते. सारखं वाटत होतं, तू असतीस तर विचारलं असतंस, "काय आणलं या खेपेले?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला माहीत आहे. कपाटातल्या तुझ्या साडीच्या घडीत ठेवीन. शेवटी एवढंच सांगायचं राहिलं, तू रागावणार नाहीस म्हणून सांगते. तुला विचारायला म्हणून मी लिहायला बसले खरी. पण त्या मुलाला मी आज सकाळीच फोन करून हो म्हणून टाकलं.